पाच घागरी वाफ

(सोलापूरच्या बाहेर, हैदराबाद रस्त्याला लागून असलेली एक छोटी बिअरची भट्टी. मे महिना, दुपारचे साडेतीन. टेबलावर तीन ग्लास आणि गुणांचा छापील कागद.)

राजनंदिनी : बोल की काहीतरी. तीन घोट झाले तुझे.

अजिंक्य : दोन. तिसरा अजून तोंडात आहे.

राजनंदिनी : तोंडात ठेवून खिडकीबाहेर काय बघतोस? सुनेच्या आमटीची चव घेणाऱ्या सासूसारखा दिसतोयस.

अजिंक्य : राजनंदिनी, शेठनी मला पुण्याहून तुझी बिअर चाखायला बोलावलंय, बोलणी खायला नाही. पाच मिनिटं गप्प बस.

राजनंदिनी : पाचला शेठचा फोन येणार आहे. काय म्हणालेत ठाऊक आहे ना? पन्नासात पस्तीस पडले तर ही पिल्सनर बिअर राहील. नाही पडले तर ती टाकी आंब्याच्या बिअरला द्यायची आणि मी माझं बघायचं.

अजिंक्य : मला त्यांनी आणखी एक काम दिलंय. ते नंतर सांगतो. आधी कागद. रंग : फिका, वाळल्या गवताचा. ग्लासापलीकडचं तुझं बोट दिसतंय, नख कुरतडलेलं आहे तेसुद्धा दिसतंय. पूर्ण गुण. फेस पांढरा, दाट, अजून उभा आहे. तिथंही पूर्ण.

राजनंदिनी : वास सांग.

अजिंक्य : हॉप्सच्या बोंडांचा वास झकास. थोडा गवती, थोडा मिऱ्याकडं झुकणारा. जर्मन पद्धतीला शोभेलसा.

राजनंदिनी : आणि?

अजिंक्य : आणि त्याच्या खाली मका.

राजनंदिनी : नाही.

अजिंक्य : उकडलेला मका.

राजनंदिनी : नाही म्हणतेय ना मी!

अजिंक्य : तू नाही म्हणालीस म्हणून ग्लासातला मका उठून जाणार नाही. घे. ग्लासवर तळहात ठेव, गोल फिरव, हात काढ आणि हुंग.

राजनंदिनी : सकाळपासून अकरा वेळा हुंगलंय रे! मला नाक नाही का? मक्याची तिसरी खेप आहे ही. मार्चच्या खेपेला मका आला, मी माल्ट बदललं. एप्रिलला परत मका. मग यीस्ट बदललं, नळ्या नव्या टाकल्या, टाकी दोनदा उकळत्या पाण्यानं धुतली, पाण्याचा फिल्टर बदलला. पातळीचा मीटरसुद्धा बदलला. दर खेपेला उकळ संपल्यावर माल्टचा काढा पाहिजे त्यापेक्षा चाळीस-पन्नास लिटर जास्तच भरतोय. नवा मीटरही तेच दाखवतोय. आता काय बदलू? गाव बदलू?

अजिंक्य : आणि फेब्रुवारीतली ती पहिली?

राजनंदिनी : ती तूच प्यायलास की. तूच फोन करून म्हणालास, डोळे मिटले तर सोलापुरात आहे असं वाटत नाही. चव्वेचाळीस दिले होतेस. तीच कृती, तेच भांडं, तेच हात. मग ह्या तीन खेपांना काय धाड भरली?

अजिंक्य : पिल्सनरचं हेच अवघड असतं. आंब्याच्या बिअरमध्ये दहा चुका खपून जातात. हिच्यात लपायला जागाच नाही.

धुळाप्पा : म्हंजी पखवाज थांबल्यावर बुवा एकटंच गात्यात, तसं की.

अजिंक्य : अं? कोण बुवा?

राजनंदिनी : हे धुळाप्पा मामा. भट्टी हेच सांभाळतात. अक्कलकोटच्या पुढं, दुधनीचे. आधी दुधाच्या डेअरीत होते, बॉयलरवर.

धुळाप्पा : रामराम साहेब. डेअरी बंद पडली, तवा तितलं मोटं भांडं शेठनी हितं आनलं. भांड्यासंगं झाकन आलं, उलथनं आलं, आनि मीबी आलो.

अजिंक्य : आणि गळ्यात माळ? बिअरच्या भट्टीवर?

धुळाप्पा : मीबी त्येच इचारलं आमच्या बुवांना. म्हनलं, म्हाराज, पोट दारूच्या भट्टीवर भरतोय, आता टाळ धरायला तुमच्या मागं उभा राहू का नगं? लई भ्या वाटत हुतं. बुवा हसले. म्हनले, धुळाप्पा, तू पितोस का? म्हनलं न्हाय. पाजतोस का? म्हनलं, न्हाय, नुस्ता जाळ बगतो. म्हनले, मग जाळ नीट बग, आन् सांजच्याला टाळ नीट धर. दोन्हीकडं लबाडी करू नगंस.

अजिंक्य : बुवा वस्ताद आहेत तुमचे.

धुळाप्पा : आवो, त्येंचं कीर्तन ऐकाच एकदा. एक चरन घेत्यात. पयल्या वळीतली शानी मानसं लगीच माना डोलावत्यात. पर बुवा फुडं जात न्हाईत. पार मागं, खांबापाशी टेकून बसलेल्या म्हातारीकडं बोट करत्यात. 'मावशीला कळलं का?' मावशीनं मान हालीवली न्हाय की परत त्योच चरन, दुसऱ्या चालीत. ती हसंस्तवर सोडत न्हाईत. आमचे टाळ धरून हात भरून येत्यात, पर लई गोड वाटतंय.

राजनंदिनी : मामा, ते कीर्तन नंतर. अजिंक्य, चवीचं लिही.

अजिंक्य : सुरुवात स्वच्छ. कडवटपणा सरळ, रेंगाळत नाही. शेवट कोरडा पाहिजे, आहे. पण गिळल्यावर नाकातून श्वास सोडला की परत मका. बेरीज एकतीस.

राजनंदिनी : एकतीस.

अजिंक्य : एकतीस. मन मोठं करून.

राजनंदिनी : तुझं मन टेंभुर्णीच्या फाट्यावरच राहिलंय. उसाचा रस पिऊन वाढलास आणि आता मला शेवट कोरडा शिकवतोस!

अजिंक्य : चिडून गुण वाढत नाहीत.

राजनंदिनी : चिडू नको तर काय करू? शुक्रवार पेठेत आमच्या घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही मी काय करते ते. बाबा पाहुण्यांना सांगतात, फूड टेक्नॉलॉजीत आहे. आई म्हणते, सरबताची कंपनी. दोन वर्षं जर्मनीत बर्फात उभी राहून शिकले. सगळे म्हणाले पुण्यात कर, मी म्हटलं सोलापुरातच करणार. ह्या उन्हात, त्रेचाळीस डिग्रीत, गिरणीतनं सुटलेल्या माणसाला हा एक ग्लास मिळाला पाहिजे. ना साखर, ना आंबा. नुसती तहान भागली पाहिजे. एवढंच हवं होतं. त्यात मका!

अजिंक्य : ऐक. एक गोष्ट बोलतो, रागावू नको. शेठना मका कळत नाही. त्यांना थंड आहे एवढंच कळतं. चारच गुणांचा प्रश्न आहे. वासाला, चवीला इकडून तिकडून देतो. पस्तीस लिहू?

राजनंदिनी : तू? तू लिहिशील?

अजिंक्य : कॉलेजात माझी जर्नलं कुणी लिहिली होती? एकदा लिहीन. दुसऱ्यांदा विचारू नको.

राजनंदिनी : ...पिणाऱ्यांना कळेल का पण?

अजिंक्य : दहातल्या दोघांना.

राजनंदिनी : मामा, इकडं या. हा ग्लास हुंगा.

धुळाप्पा : मी? न्हाय, ताई. माळ हाय.

राजनंदिनी : प्यायला कोण सांगतंय? नुसतं हुंगा. आपल्या साध्या माणसाला कळतं का ते बघायचंय मला.

धुळाप्पा : वास घेतल्यालं चालतंय का, ह्ये इचारावं लागंल बुवांना.

अजिंक्य : माळ गळ्यात असते, मामा. नाकाला कुठं असते?

राजनंदिनी : मामा, माझी नोकरी चाललीय इथं! हुंगा!

धुळाप्पा : बरं बरं. द्या... हं... कनीस हाय की.

राजनंदिनी : झालं. संपलं.

धुळाप्पा : भाजल्यालं न्हवं बरं का. उकडल्यालं. आनि नुस्तं उकडल्यालं बी न्हवं. घरी आमची बसव्वा भादव्यात कनसं उकडती की नाय, भगुन्यावर झाकन ठिवून? त्ये झाकन उचलल्यावर जो पयला भपका येतोय, त्यो ह्यो वास.

अजिंक्य : मामा, तुमच्या नाकाला मी माझ्या जागी बसवतो.

धुळाप्पा : आवो साहेब, ह्यात काय हाय. ह्यो वास काय नवा न्हाय. आपल्या भांड्याचं झाकन उचललं की येतोयच की दर येळेला.

राजनंदिनी : काय?

धुळाप्पा : वास.

राजनंदिनी : कुठलं झाकण?

धुळाप्पा : ह्या मोट्या भांड्याचं. डेअरीतनं आलेलं.

राजनंदिनी : उकळ चालू असताना तुम्ही भांड्यावर झाकण ठेवता?

धुळाप्पा : व्हय. मग काय उगडं ठिवायचं?

राजनंदिनी : अजिंक्य...

अजिंक्य : ऐकतोय.

राजनंदिनी : मामा, दीड तास उकळ असते. मी तिथंच असते. मी कधी झाकण बघितलं नाही!

धुळाप्पा : तुमी कुटं आसता, ताई? उकळी फुटली, फेस बसला, तुमी ती हिरवी बोंडं टाकली की फोन घेऊन गेटवर. टँकरवाल्याशी भांडत. तासभर. शेवटाला परत बोंडं टाकायला येता, तवा मी झाकन काडून ठिवलेलं आसतंय. तुमाला परत उचलायला नगं म्हून.

राजनंदिनी : देवा!

धुळाप्पा : उतू जाऊ ने म्हून कडंला उलथनं लावतो. एक थेंब कवा उतू गेला न्हाय, बगा. पंधरा वर्सं दूध तापवलंय.

राजनंदिनी : हे दूध नाहीये, मामा! त्या काढ्यातच तो वास असतो, माल्टमध्येच, मोड आलेल्या सातूतच असतो. तो वाफेबरोबर उडून जायला पाहिजे, म्हणून तर दीड तास उघडं उकळायचं! झाकण ठेवलं की वाफ झाकणाला लागते, तिचं पाणी होतं आणि टपटप परत आत. सगळा वास परत आत! मी माल्ट बदललं, यीस्ट बदललं, तीन महिने झोप नाही मला आणि तुम्ही... तुम्ही झाकण ठेवत होता!

अजिंक्य : हळू.

राजनंदिनी : हळू कशाला? मीटर बदलला मी! काढा जास्त भरतोय म्हणून मीटर बदलला! वाफ गेलीच नाही तर जास्त भरणारच की! माझ्या डोळ्यांसमोर होतं ते. मामा, का? कुणी सांगितलं तुम्हाला झाकण ठेवायला?

धुळाप्पा : तुमीच.

राजनंदिनी : मी?

धुळाप्पा : मार्चात. हितली हीर आटली, पयला टँकर आला त्या दिशी. तुमी म्हनला, मामा, आता सोन्यासारखं वापरा. एक थेंब वाया गेलेला मला चालनार न्हाय. त्यो तुमचा फिल्टर अर्दं पानी फेकतोय, त्ये बी मी पिपात धरतो, फरशीला वापरतो. मग ही वाफ बगितली. दीड तास नुस्तं पानी वर चाललंय. मी आदमास काडला, पाच घागरी जात्यात. पाच घागरी, ताई! आमची आई कन्नडात म्हनायची, 'नीर चेल्लब्याड', पानी सांडू नगं. सांडलं की पाठीत धपाटा. पाच घागरी पान्याला तिला कोसभर आंतर चालायला लागायचं, पाच येळा. आनि हितं मी पंख्याखाली बसून ती वर जाताना बगायची? मला बगवलं न्हाय. डेअरीचं झाकन पडूनच हुतं.

राजनंदिनी : पण भिंतीवर लावलंय ना मी! एवढा मोठा कागद, प्लॅस्टिकमध्ये घालून! सातवा मुद्दा, झाकण ठेवू नये. लाल शाईत!

धुळाप्पा : त्यो कागद रोज पुसतो मी. धूळ बसू देत न्हाय.

राजनंदिनी : मग वाचला नाहीत?

धुळाप्पा : त्यो इंग्रजीत हाय, ताई.

अजिंक्य : राजनंदिनी, पाणी पी.

राजनंदिनी : नको.

धुळाप्पा : म्या वाचला आसता. मराटी वाचतो मी. रोज पोथी वाचतो.

राजनंदिनी : माहितीय, मामा. माहितीय मला. गप्प बसा जरा.

अजिंक्य : राजनंदिनी, एका अर्थी चांगलंच झालं की. कारण सापडलं. फेब्रुवारीत विहिरीला पाणी होतं, टँकर नव्हता. तू भांड्यापाशी होतीस, झाकण नव्हतं. चव्वेचाळीस पडले. सरळ आहे.

राजनंदिनी : सरळ आहे! तीन महिने मी जर्मनीला मेल पाठवतेय, माझ्या सरांना. ते बिचारे पानपानभर उत्तरं देतायत. त्यांना काय कळणार, सोलापुरात वाफेकडं कसं बघतात ते!

धुळाप्पा : आता ह्याचं काय करायचं? ह्या टाकीतल्या मालाचं?

राजनंदिनी : ओतायचं.

धुळाप्पा : समदं?

राजनंदिनी : समदं. मका एकदा आत गेला की निघत नाही.

धुळाप्पा : पाचशे लिटर?

राजनंदिनी : मार्चचंही ओतलं. एप्रिलचंही ओतलं. तुम्हीच नळी धरली होती की.

धुळाप्पा : यप्पा... मला वाटलं त्ये बिघडलं म्हून वततोय. मला काय ठावं, मीच बिघडवलंय. म्हंजी पाच-पाच घागरी वाचवाया गेलो आन् पाचशे, पाचशे, आन् आता ह्ये पाचशे... ताई, माझं नाव लिवा. साहेब, तुमी कागदावर माझं नाव लिवा.

अजिंक्य : ते दुसरं काम हेच आहे, राजनंदिनी. शेठ म्हणाले होते, 'तिसऱ्यांदा वास आला तर कारण लिहून आण. आणि कारणाला हातपाय असले तर त्याचं नावही आण. उद्यापासून तो दिसणार नाही.'

राजनंदिनी : असं म्हणाले?

अजिंक्य : जसंच्या तसं. आणि तुला खरं सांगतो, कारण असं बाहेरचं निघालं तर तुझी कृती निर्दोष ठरते. 'कामगाराने सूचना पाळली नाही.' पाच शब्दही नाहीत. तुला आणखी एक खेप मिळेल, हक्कानं मिळेल. नाहीतर दुसरा रस्ता आहेच, पस्तीस लिहितो, हे पाचशे लिटर विकून टाका आणि पुढच्या खेपेला झाकण काढा. कुणाला काही कळणार नाही.

धुळाप्पा : पस्तीस नगं, साहेब. बुवांनी इचारलं तर मी काय सांगू? आदी कनसाचा वास आला म्हनलो, मग न्हाय आला?

अजिंक्य : मामा, तुमची नोकरी जाईल.

धुळाप्पा : डेअरी बी गेली हुतीच की. ताईंचं नगं जायला. त्या पोरीच्या डोळ्याखाली बगा कसं काळं झालंय. आपल्या लेकीवानी हाय. मी कुटंतरी गेटवर राखन करीन.

राजनंदिनी : मामा, मला तुमचा इतका राग आलाय ना की तुम्ही आत्ता माझ्याशी गोड बोलू नका.

धुळाप्पा : बरं.

राजनंदिनी : एकदा तरी म्हणायचं होतं, ताई, झाकण ठेवलंय. एकदा!

धुळाप्पा : सांगनारच हुतो. म्हनलं वर्साच्या शेवटाला सांगू, किती पानी वाचिवलं ते. तुमी खूश व्हाल.

राजनंदिनी : ...अजिंक्य, वाजले किती?

अजिंक्य : पाचला चार कमी. काय लिहू ते सांग. कारणाची ओळ रिकामी आहे.

राजनंदिनी : मी तो कागद भिंतीला लावला तेव्हा फोटो काढून सरांना पाठवला होता. त्यांनी लिहिलं, अतिशय सुंदर. मी दिवसभर खूश. ह्या भांड्यापाशी उभं राहणारा माणूस एकच, आणि तोच सोडून सगळ्यांना कळेल असं लिहिलं मी. पहिल्या ओळीनं मान डोलावली आणि मी पुढं गेले. मागं, खांबापाशी कोण बसलंय ते बघितलंच नाही.

अजिंक्य : फोन वाजतोय.

राजनंदिनी : दे इकडं. हॅलो, शेठ... हो, झालं चाखून... एकतीस... हो, पस्तीस नाही, एकतीस... वास आहे, तोच... हो, ह्या वेळी कारण सापडलं. उकळताना भांडं झाकलेलं राहिलं होतं, तिन्ही वेळा... माणूस? सापडला की. मी... नाही, मस्करी नाही करत. भट्टी पेटलेली असताना मी भांड्यापाशी नव्हते, गेटवर टँकरची वाट बघत होते. आणि काय करायचं, काय नाही, हे धड सांगितलं नव्हतं... नाही, शेठ, ते पंधरा वर्षं दूध तापवणारे आहेत, त्यांना जे कळेल असं सांगितलं ते त्यांनी केलं. सांगणारी मी... हो. हो... आंब्याचं मला कळलं, शेठ... गुरुवारी? चालेल... एकच. हो, शेवटचीच... समजलं. नाही पडले तर मी स्वतःच टाकी धुऊन देईन आंब्याला. ठेवते.

अजिंक्य : काय म्हणाले?

राजनंदिनी : गुरुवारी एक खेप. ती तयार झाली की चाखायला परत तूच यायचं. पस्तीसच्या खाली आली तर मी पण बाहेर आणि पिल्सनर पण. आधी बरंच बोलले. ते सांगत नाही.

अजिंक्य : माझ्या कागदावर मला 'ब्रूअर जागेवर नव्हती' असं लिहावं लागेल.

राजनंदिनी : लिही. आणि पुढची चाखताना मन मोठं वगैरे करू नको. जेवढे पडतील तेवढेच.

अजिंक्य : ह्या वेळचेसुद्धा तीसच लिहितो मग. एक गुण आधीच मोठ्या मनाचा होता.

राजनंदिनी : मर मेल्या. लिही तीस. मामा, कागद-पेन घ्या. जुन्या कागदाच्या जागी नवा लावायचाय, मराठीत. तुम्ही लिहायचा, मी सांगते. आणि एकेक मुद्दा झाला की मला विचारायचं, का म्हणून. मी सांगेन. नाही पटलं तर परत विचारायचं.

धुळाप्पा : पयला मुद्दा काय?

राजनंदिनी : सातवा आधी.

धुळाप्पा : 'उकळी फुटल्यावर झाकन ठिवायचं न्हाय.' का, त्ये मला आता कळलं. लिवलं... ताई, एक बोलू?

राजनंदिनी : बोला.

धुळाप्पा : बेस्तरवारी तुमी हितं भांड्यापाशीच बसा. गेटवर टँकरवाल्याशी मी भांडतो. ती वाफ वर जाताना मला बगवनार न्हाय.